वडाळी की छत्री?

अमरावतीत पाण्याकाठी घर घ्यायचं म्हटलं की दोनच नावं पुढे येतात. एक वडाळी, दुसरं छत्री तलाव. दोन्ही शहराच्या पूर्वेला, पोहऱ्याच्या डोंगरांच्या बाजूला, एकमेकांपासून फार लांब नाहीत. काही वर्षांपूर्वी या दोन नावांवरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. बेगमचा पक्ष वडाळीचा. बाग जवळ, ऑटो मिळतो, रात्री-बेरात्री दवाखाना गाठता येतो. माझा पक्ष छत्रीचा. मागे जंगल, समोर पाणी. कविता करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? ‘बिबट्यालाही तेच हवं असतं,’ बेगम म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

दलालाने दोन्हीकडचे प्लॉट दाखवले. ‘लेक व्ह्यू’ हे दोन शब्द त्याने इतक्यांदा उच्चारले की भाव त्या शब्दांचाच असावा असं वाटलं. आयुष्यभराची पुंजी लावायची, म्हणून शेजारच्या चाचांना विचारलं. त्यांची सारी नोकरी धरणं-कालव्यांवर गेलेली. त्यांनी भावबिव काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘प्लॉट पाळीच्या वर आहे की खाली?’

आम्ही दोघंही गप्प. पाळीकडे आम्ही पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त पाणी.

त्या प्रश्नामुळे मी या तलावांच्या इतिहासात शिरलो. जुनं अमरावती म्हणजे परकोटाच्या आतलं गाव. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या अमदानीत तो परकोट उभा राहिला. लोक विहिरींवर जगत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपुरापर्यंत पोचली. पेढ्या, जिनिंग, कॅम्पातले बंगले असं करत गाव वाढलं. विहिरी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेच्या डोंगरांतून येणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवलं गेलं. वडाळी आणि छत्री हे दोन्ही तलाव अशा गरजेतून झाले. बघण्यासाठी नाही, पिण्यासाठी.

अकोल्याची गोष्टही याच वळणाची. शहरातून मोर्णा वाहते, पण पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला. विहीर खणा, पाणी लागतं. तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. माझी नानी दर्यापूरकडची. ती सांगायची, मुलगी द्यायची तर आधी त्या गावचं पाणी चाखून बघत, मग मुलगा बघत. अशा मुलखात अकोल्याची तहान बरीच वर्षं पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावाने भागवली. पुढे काटेपूर्णेवर महानचं धरण झालं आणि कापशी सहलीची जागा झाली.

अमरावतीतही तेच घडलं. आता नळाला येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं, म्हणजे ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी. गंमत बघा. आपण पितो ते वर्धेचं, गोदावरीच्या खोऱ्यातलं. सांडपाणी सोडतो ते अंबा नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत, तिथून तापीत. नळ एका समुद्राच्या वाटेवर, मोरी दुसऱ्या. या सगळ्यात वडाळी आणि छत्री कुठेच नाहीत. ज्या तलावाचं पाणी आपण पीत नाही, त्याच्या वरच्या अंगाला काय चाललंय याची चौकशी कोण करतो?

चाचांनी समजावलं ते असं. तलाव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. वर पाणलोट, मध्ये पाळ, एका बाजूला सांडवा आणि खाली नाला, असं ते चार खोल्यांचं घर आहे. पाणलोटात घर बांधलंत तर तुमचा शोषखड्डा आणि बांधकामाची माती पावसाबरोबर तलावात उतरणार. पाळीखाली, नाल्याच्या तोंडाशी बांधलंत तर तलाव एक दिवस तुमच्या घरात उतरणार. नाला उन्हाळ्यात कोरडा असतो, म्हणून तो मेला असं समजू नये.

त्यांचं बोलणं आम्हाला तेव्हा जरा जास्तच वाटलं. मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि खालच्या चांगल्या, मध्यमवर्गीय वसाहती झोपेतच पाण्यात गेल्या. माणसंही दगावली. सांडव्यासमोरच्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. अंबाझरीच्या काठालाही ‘व्ह्यू’ होताच.

त्या बातमीनंतर आम्ही दोघं पुन्हा दोन्ही तलावांवर गेलो. या वेळी पाण्याकडे पाठ करून उभे राहिलो. वडाळीला गाव आधीच चिकटलेलं. तिथे जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय. छत्रीकडे दस्तूरनगरापासून वस्ती अजून सरकतेच आहे. म्हणजे माझ्या आवडीचा तलाव बिघडवायला उद्या जे लोक येणार, त्यांत पहिल्या रांगेत मीच होतो. आणि मला दाखवलेला प्लॉट पाणलोटातला होता. ‘जागा मोकळी आहे,’ दलाल म्हणाला होता. ती मोकळी नव्हती. पाण्याची वाट होती.

लहानपणी अब्बांनी वुजू करायला शिकवलं, तेव्हा सांगितलं होतं की वाहत्या नदीकाठी बसलास तरी पाणी गरजेपुरतंच घ्यायचं. नदीच्या काठी बसल्याने नदी आपली होत नाही.

आम्ही दोन्ही प्लॉट सोडले. गावातच, जरा उंचावर, दोन खोल्यांचं घर घेतलं. खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते. रविवारी सकाळी फिरायला जातो, एकदा तिच्या वडाळीला, एकदा माझ्या छत्रीला. पाळीवर उभं राहून आधी सांडवा बघतो. मग पाणी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)