हुसेनसागरकाठचा ट्रॅक मोडला. आता शर्यत पाहायची कुठे?

हिंगोली जिल्ह्यात शर्यत म्हटली, की आजही आधी शंकरपटच डोळ्यांसमोर येतो. तरीही दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन पाहून वाढलेल्या येथील शौकिनांना २०२३ मध्ये एक दुर्मीळ संधी लाभली होती. जागतिक दर्जाची मोटार शर्यत मराठवाड्याच्या शेजारी, हैदराबादेत भरली. मात्र ती पहिली आणि आजवरची शेवटची ठरली.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागर तलावाच्या काठी 'फॉर्म्युला ई' या विद्युत मोटारींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील शर्यत झाली. सचिवालय, एनटीआर गार्डन, नेकलेस रोड या परिसरात, रोजच्या रहदारीच्याच रस्त्यांवर सुमारे २.८ किलोमीटरचा मार्ग आखण्यात आला होता. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न विजयी झाला. नोएडाजवळील बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. त्यानंतर मोटारींची एवढ्या मोठ्या दर्जाची शर्यत भारतात प्रथमच होत होती.

पुढील शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सत्तांतर झाले. राज्याच्या पालिका प्रशासन विभागाने करार पाळला नाही, असे कारण देत आयोजकांनी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शर्यत रद्द केली. आयोजकांना दिलेल्या रकमेवरून त्याच वर्षअखेर लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने गुन्हाही नोंदविला. रस्त्यावरच्या ट्रॅकचे असेच असते. कठडे आणि जाळ्या उचलल्या, की मागे फक्त रस्ता उरतो.

कायमस्वरूपी ट्रॅक हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पर्याय होय. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून सुरू आहे, तर कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या प्रामुख्याने या दोन ठिकाणी होतात. राज्यात कोल्हापूरजवळ हुपरी येथे मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक असून, लहान वयात शिकू पाहणाऱ्यांना तो सोयीचा आहे. अर्थात, राज्यातले असूनही कोल्हापूर हिंगोलीकरांना हैदराबादपेक्षा दूरच! जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दुचाकींची सुपरक्रॉस लीग झाली होती. अशा स्पर्धांची ठिकाणे दर मोसमात बदलतात. त्यामुळे वेळापत्रक पाहूनच तिकीट काढावे.

रिकाम्या महामार्गावर दुचाकींची पैज लावणे हा मात्र पर्याय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इतक्या दूर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी शंकरपट आहेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.