लुनाचे पायडल

परवा शनिवारी दुपारी नांदेडहून भाच्याचा फोन आला. "मामा, सायकलला इंजन बसवायलो. ऑनलाईन किट मिळतंय, ८० सीसीचं. ट्यूनिंगच्या टिप्स सांगा ना!"

मी हिंजवडीत बसून कोड लिहिणारा माणूस. पण माझं अर्धं बालपण लातूरला बाबांच्या लुनाचा सायलेन्सर खरवडण्यात गेलंय, हे त्याला आईकडून कळलेलं. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे सविस्तर.

तर मंडळी, सायकलला इंजिन ही गरजेतून आलेली कल्पना. १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या जपानमध्ये, सोइचिरो होंडाने लष्करी वायरलेस सेटच्या जनरेटरची उरलेली छोटी इंजिनं घेतली आणि सायकलींना बसवून विकली. होंडा कंपनीची सुरुवात ती. फ्रान्समध्येही त्याच सुमारास पुढच्या चाकावर इंजिन असलेली व्हेलोसोलेक्स रस्त्यावर आली. लोकांकडे सायकल होती, मोटारीचे पैसे नव्हते.

आपल्याकडे ही गरज ओळखली फिरोदियांनी. १९७२ मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. पियाज्जिओच्या 'चाओ' या इटालियन मोपेडवर बेतलेली, ५० सीसी, टू-स्ट्रोक, गिअर नाहीत. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते. मास्तर, क्लार्क, दूधवाले यांना सायकलनंतरची पायरी मिळाली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. लातूरहून औशाच्या रस्त्याने रोज १४ किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. गाडी सेकंडहँड. तिचे डॉक्टर म्हणजे गंजगोलाईजवळचे एक मिस्त्री. माझं ट्यूनिंगचं शिक्षण त्यांच्याकडे झालं.

पहिला धडा ऑईलचा. टू-स्ट्रोकमध्ये ऑईलची वेगळी टाकी नसली तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल हेच वंगण. बाबा अंदाजाने ओतायचे आणि गाडी धूर सोडत जायची. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, ऑईल जास्ती टाकलालाव तुमी." मग औषधाच्या बाटलीचं माप ठरलं, लिटरला ४० मिली. हे त्या गाडीचं माप. तुझ्या इंजिनाला बनवणाऱ्याने जे सांगितलंय तेच घाल. जास्त झालं तर कार्बन साचतो, कमी झालं तर पिस्टन जाम होतो.

दुसरा धडा प्लगचा. थोडं चालवून प्लग काढून बघायचा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर छान. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त. पांढरंफटक असेल तर सावध! मिश्रणात हवा जास्त होतेय, इंजिन तापतंय.

तिसरा धडा सायलेन्सरचा. गाडी ओढेना झाली की लोक कार्बोरेटर पिळत बसतात. बहुतेक वेळा धूर बाहेर जायची वाट कार्बनने बुजलेली असते. ती साफ केली की गाडी पुन्हा पहिल्यासारखी.

आणि नवीन इंजिन पहिले काहीशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलवरच चालवायचं. आतले भाग एकमेकांत नीट बसू द्यायचे.

यातला एकही उपाय ताकद वाढवायचा नाही, हे लक्षात आलं का? मिस्त्रींच्या लेखी ट्यूनिंग म्हणजे होतं तितकं परत मिळवणं.

एकदा पावसाळ्यात बाबांना यायला रात्रीचे नऊ वाजले. आई दारात उभी. ऑईल घालायचं विसरले होते, पिस्टन धरला होता. बाबा नऊ किलोमीटर पायडल मारत आले होते! लुनाचे पायडल नुसते गाडी सुरू करायला नव्हते. इंजिन गेलं तरी मास्तर घरी पोचला पाहिजे, हा विचार त्यात होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फॉलबॅक म्हणतो आणि बऱ्याचदा तोच लिहायला विसरतो.

आता तुझ्या किटकडे येतो. सायकलचे ब्रेक ताशी १५ च्या वेगासाठी असतात. वेग तिप्पट, म्हणजे ४५ केलास तर थांबायचं अंतर नऊपट होतं. ही गतिज ऊर्जा, बारावीत शिकलायस. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच वाहन मोटार वाहनात मोडत नाही. ८० सीसी म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स, सगळं आलं. घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी कोण करून देणार? कुणाला धडकलास तर विम्याचा एक रुपया मिळायचा नाही.

लुना पुढे मागे पडली. १९८५ नंतर फोर-स्ट्रोक हीरो होंडाने अॅव्हरेजचं गणितच बदललं, मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. २०२४ मध्ये त्याच घराण्यातल्या कायनेटिक ग्रीनने ई-लुना आणली. नाव तेच, पण विजेवर.

असो. बाबांची लुना अजून लातूरच्या घरी जिन्याखाली उभी आहे, ताडपत्रीखाली. दिवाळीला ये. रस्त्यावर काढायची नाही, कागदपत्रं कधीच संपलीत. पण इंजिन उतरवू, सगळं खोलू, धुऊन परत जोडू. सुरू झालं तर आजोबांना हाक मारू.

पायडल मात्र आधी तपासायचे. आजोबा पहिल्यांदा तेच बघतील.