'ब्लडी' : एका बदनाम शब्दाची कुळकथा

११ एप्रिल १९१४. लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा प्रयोग रंगला होता. तिसऱ्या अंकात फुले विकणारी एलायझा उच्चभ्रूंच्या बैठकीत, नव्यानेच शिकलेल्या निर्दोष उच्चारांत, 'ब्लडी' हा शब्द बोलून जाते. प्रेक्षागृहात हास्याचा असा कल्लोळ उठला की नाटक बराच वेळ थांबले. (मराठी रसिकांना हीच एलायझा पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तील मंजुळा म्हणून परिचित आहे.) पुढे तर त्या शब्दाऐवजी गमतीने 'पिग्मॅलियन' म्हणण्याची प्रथाच पडली.

वास्तविक शब्दाचा मूळ अर्थ 'रक्ताळलेला' एवढाच. मग त्यात इतके लज्जास्पद काय होते?

त्याचे उत्तर म्हणून दोन व्युत्पत्ती आजही सांगितल्या जातात. एक म्हणजे 'बाय अवर लेडी' या मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश. दुसरी, ख्रिस्ताच्या रक्ताची शपथ. दोन्ही ऐकायला छान आहेत, पण टिकणाऱ्या नाहीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द शपथ म्हणून नव्हे, तर 'अतिशय' या अर्थाने वापरात दिसतो. १६७६ मध्ये एथरेज याच्या नाटकात तो दारूच्या नशेला लागतो. १७११ मध्ये जोनाथन स्विफ्ट खासगी पत्रात उन्हाच्या काहिलीला तो सहज जोडतो. स्विफ्ट हा धर्मगुरू होता. शब्दात देवनिंदा असती, तर त्याची लेखणी अडखळली असती.

अधिक पटणारा तर्क निराळाच आहे. त्या काळी उमराव घराण्यांतील दंगेखोर तरुणांना 'ब्लड्स' म्हणत. त्यांच्यासारखा झिंगलेला तो 'ब्लडी ड्रंक'. म्हणजे आरंभी या शब्दाला थोडा खानदानी दर्पच होता!

पुढे तो गल्लीबोळांत उतरला आणि तिथेच त्याची अब्रू गेली. १७५५ च्या कोशात डॉ. जॉन्सन यांनी त्याला अत्यंत ग्राम्य ठरवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या कोशाने तो अगदी खालच्या वर्गाच्या तोंडचा म्हणून नोंदवला. वृत्तपत्रे पहिले-शेवटचे अक्षर छापून मध्ये रेघ ओढत. १८८७ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'रडिगोर' या संगीतिकेचे नाव 'ब्लडी'च्या फार जवळ जाते, अशी ओरड झाली. तेव्हा काही दिवसांतच त्यातील 'वाय' काढून 'आय' घालण्यात आला. एवढ्याने कोणाचे समाधान झाले असेल, हा प्रश्नच आहे.

अर्थ बदलला नव्हता; बोलणारे बदलले होते. शपथेच्या कथा बहुधा नंतर, या लाजेला कारण हवे म्हणून रचल्या गेल्या. शॉ यांनी नेमके हेच हेरले. एलायझाचे उच्चार सरदारघराण्यातले आणि शब्द बाजारातला, म्हणूनच प्रेक्षक हादरले.

१९५६ मध्ये याच नाटकावरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आली, तेव्हा या शब्दाची धार बोथट झाली होती. एलायझाला घोड्यांच्या शर्यतीत याहून आडदांड शब्द ओरडावा लागला. ऑस्ट्रेलियात तर तो एव्हाना बोलीत पूर्ण मुरला होता. तरीही २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन जाहिरातीत 'ब्लडी' आला म्हणून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती काही काळ रोखली गेली. नंतर बंदी उठवावी लागली.