सोळा मेणबत्त्या आणि दोन अक्षरे

आमची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत न्यू जर्सीत राहणाऱ्या तिच्या आत्याने तिला एक चित्रपट पाहायला सुचवला. जॉन ह्यूज यांचा तो ‘सिक्स्टीन कँडल्स’. घरात थोरल्या बहिणीचे लग्न निघाले आहे आणि त्या धांदलीत धाकटीचा सोळावा वाढदिवस सगळेच विसरतात, अशी कथा. लग्नघरात असे होऊ शकते हे मराठी वाचकाला सांगायला नको. आम्ही जरा का-कू करताच ताई म्हणाल्या, “अगं, बघू दे की तिला! साधा ‘पीजी’ आहे. आम्ही इथे आलो तेव्हा टीव्हीवर सारखा लागायचा.” आम्ही दोघेही मराठी शिकवतो, एखादा शब्द कधी, कुणी आणि कोणत्या अर्थाने वापरला हे तपासण्याची खोड आम्हांला लागलेली आहे. ‘पीजी’ या दोन अक्षरांनाही आम्ही तीच परीक्षा लावली, आणि मग लक्षात आले की या अक्षरांना स्वतःचा एक इतिहास आहे व या चित्रपटाच्या बाबतीत तो अवघ्या काही आठवड्यांनी हुकलेला आहे.

‘हा चित्रपट मुलांना दाखवावा का?’ हा प्रश्न चित्रपटाइतका जुना असेल असे आपल्याला वाटते. अमेरिकेत तरी तो 1968 पूर्वी देशभर पद्धतशीरपणे विचारला जात नव्हता. 1930 साली लिहिलेली आणि 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने कडकपणे राबवलेली ‘हेज संहिता’ ही प्रेक्षकांत भेद करीत नसे. चित्रपट सगळ्यांसमोर जातो, म्हणून तो सगळ्यांना चालेल असाच असला पाहिजे, ही तिची भूमिका होती. म्हणजे प्रत्येक प्रौढाने मुलाच्या वयाचा प्रेक्षक व्हायचे! 1952 साली ‘द मिरॅकल’ या इटालियन चित्रपटाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि संहितेचा पाया खचू लागला. पुढे 1968 च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने, प्रौढांना जे विकता येते ते अल्पवयीनांना विकण्यास राज्य बंदी घालू शकते, असा निर्वाळा दिला. आता शहरोशहरी वेगवेगळी वर्गवारी होणार, या धास्तीने निर्मात्यांची संघटना आणि तिचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी 1 नोव्हेंबर 1968 पासून स्वतःचीच श्रेणीपद्धती सुरू केली. ‘जी’, ‘एम’, ‘आर’ आणि ‘एक्स’ अशा त्या चार श्रेणी. यांतील ‘एम’चा अर्थ पालकांना नीट उमगेना, म्हणून 1970 मध्ये त्याचे ‘जीपी’ झाले आणि 1972 मध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘पीजी’. पालकांचे मार्गदर्शन सुचवलेले, एवढाच त्याचा अर्थ. ही कायद्याची आज्ञा नव्हे, व्यवसायाने पालकांना दिलेला सल्ला आहे. सल्ला देणाऱ्या मंडळातही पालकच असतात, आणि त्यांतील बहुतेकांची नावे गुप्त ठेवली जातात.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. इथे प्रमाणपत्र सरकारी. 1952 च्या कायद्याने ‘यू’ आणि ‘ए’ अशा दोनच मुख्य श्रेणी दिल्या. बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन सुचवणारी ‘यूए’ श्रेणी 1983 मध्ये आली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या 1968 च्या लघुपटावरून झालेला खटला आपल्या आठवणीत राहतो तो सेन्सॉरविरोधी लढा म्हणून. मुळात मात्र तंटा याच प्रश्नाचा होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. अब्बासांना ‘यू’ हवे होते, मंडळाने ‘ए’ दिले, आणि काही भाग कापला तर ‘यू’ देऊ असे पुढे सरकारने सांगितले. खटला चालू असताना सरकारने कात्रीविना ‘यू’ देण्याची तयारी दाखवली, तरी अब्बास मूळ तत्त्वासाठी अडून राहिले. 1970 मध्ये न्यायालयाने पूर्वपरीक्षण आणि वर्गवारी दोन्ही वैध ठरवली. वयाच्या आणखी पायऱ्या आपल्याकडे यायला 2023 उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले.

पण पुन्हा 1984 कडे वळू. ‘सिक्स्टीन कँडल्स’ 4 मे 1984 रोजी प्रदर्शित झाला. 23 मे रोजी ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला आणि 8 जून रोजी ‘ग्रेमलिन्स’. दोन्ही ‘पीजी’. पहिल्यात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपसून काढलेले दिसते. लहान मुलांना घेऊन गेलेले पालक खवळले. ‘पीजी’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये काहीतरी हवे असे स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच व्हॅलेंटींना सुचवले, आणि 1 जुलैपासून ‘पीजी-13’ ही नवी श्रेणी अस्तित्वात आली. 10 ऑगस्टला आलेला ‘रेड डॉन’ हा ती घेऊन प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट. दोन महिने उशिरा आला असता तर आमच्या चर्चेतल्या चित्रपटावर बहुधा दुसरीच मोहोर उमटली असती. त्यात शाळेच्या स्नानगृहातील नग्नदृश्य आहे आणि नायिकेच्या तोंडी ती सुप्रसिद्ध चार अक्षरी इंग्रजी शिवी आहे. ह्यूज यांचाच पुढच्या वर्षीचा ‘द ब्रेकफस्ट क्लब’ ‘आर’ ठरला. 1986 चे ‘प्रिटी इन पिंक’ आणि ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ ‘पीजी-13’. एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरलेल्या, एकाच वयाच्या मुलांच्या या कथा तीन खणांत विखुरल्या गेल्या.

इथे जाता जाता एक सांगावेसे वाटते. ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये पालकांना खुपले ते उपसलेले हृदय. ते कालीमातेच्या नावाने उपसले जाते आणि भारतीय राजवाड्यातील पंगतीत माकडाचा मेंदू वाढला जातो, याबद्दल त्या संतापात अवाक्षर नव्हते. श्रेणी ठरवताना रक्त मोजता येते, शिव्या मोजता येतात, उघडे अंगही मोजता येते. तुच्छता मोजायचे माप मात्र कोणत्याही मंडळाकडे नसते.

‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये ही न मोजलेली तुच्छता दोन जागी आहे. पहिली जागा लाँग डक डाँग या परदेशी विद्यार्थ्याची. आजीआजोबांबरोबर आलेला हा मुलगा पडद्यावर आला की पार्श्वभूमीला घंटेचा टोला पडतो. त्याचे नाव हाच मुळी एक अश्लील विनोद आहे. ही भूमिका करणारे गेड्डी वाटानाबे अमेरिकेतच, युटा राज्यात जन्मलेले; परकेपणाचा उच्चार त्यांना मुद्दाम कमवावा लागला. पुढे कितीतरी आशियाई वंशाच्या अमेरिकी मुलांना शाळेत याच नावाने चिडवले गेले.

दुसरी जागा अधिक अवघड आहे. नायिका ज्याच्यावर भाळली आहे तो जेक हा देखणा, समंजस मुलगा म्हणून रंगवलेला आहे. त्याची मैत्रीण कॅरोलाइन दारूने बेशुद्ध होते. आपण मनात आणले तर तिचे हवे ते करू शकतो, असे तो सहज बोलून जातो. पण त्याचा तिच्यातला रस संपलेला आहे. म्हणून तो तिला आपल्या वडिलांच्या रोल्स रॉइससह एका कोवळ्या पोराच्या हवाली करतो. ते पोर तिच्याबरोबर स्वतःचे छायाचित्र काढवून घेते. सकाळी दोघांनाही रात्रीचे काही आठवत नाही, आणि तिला ते आवडले असावे असे तिच्याच तोंडून वदवून हा प्रसंग गोड करण्यात आला आहे. पडद्यावर काहीच ‘दिसत’ नाही. त्यामुळे मंडळाच्या वहीत काही नोंदवण्याजोगे घडलेही नाही. ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने ओळखीच्या पुरुषाकडून होणाऱ्या बलात्कारावर 1982 मध्ये लेख छापला होता. पण ती संज्ञा अजून घरोघरी पोहोचलेली नव्हती, आणि नाव नसलेल्या गोष्टीला कोणती श्रेणी देणार?

‘काळाच्या संदर्भात पाहा’ असे यावर कोणी म्हणेल. आम्ही वर्गात हेच वाक्य वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत, त्यामुळे त्याची सोय आणि त्याची पळवाट दोन्ही आम्हांला ठाऊक आहेत. कारण त्या काळातही कोणाला काही दिसत नव्हते असे नाही. या चित्रपटाची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिने 2018 साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये एक प्रांजळ लेख लिहिला. आपल्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर ‘द ब्रेकफस्ट क्लब’ पाहताना तिला काय वाटले, हे त्यात आहे. त्यात ती आपल्या आईची आठवण सांगते. ‘सिक्स्टीन कँडल्स’च्या संहितेत वडिलांनी मुलीला तिच्या अंतर्वस्त्राबद्दल विचारण्याचे एक वाक्य होते, आईने त्याला हरकत घेतली आणि ते बदलले गेले. म्हणजे 1983 सालीही एका आईला ते वाक्य टोचले होते! कॅरोलाइनचा प्रसंग मात्र तसाच राहिला. रिंगवॉल्ड या चित्रपटांना झिडकारीत नाही, हे त्या लेखाचे मोल. एकाकी पोरांना त्यांनी धीर दिला हेही ती सांगते आणि त्यातले डागही लपवीत नाही.

आपल्याकडे 2013 साली आलेला रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ आठवावा. त्याची कथा घडते तीही ऐंशीच्या दशकात, एका चाळीत. व्हीसीआर घरात येतो आणि मुले चोरून नको ती कॅसेट पाहतात. पालकांच्या मौनातून काय उपजते, हा त्याचा विषय. आम्ही स्वतः त्याच मौनात वाढलो. त्यामुळे ‘दाखवायचाच नाही’ हा सोपा मार्ग धरताना मन कचरते.

अखेर आम्ही तो चित्रपट आधी दोघांनीच पाहिला आणि मग तिच्याबरोबर. स्नानगृहाचे दृश्य पुढे सरकवले; यात थोडा भित्रेपणा होता हे मान्य आहे. वाढदिवस विसरल्याच्या प्रसंगाला ती मनापासून हसली, थोडी हळवीही झाली. डाँग दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने विचारले, “हा आला की दर वेळी हे काय वाजतं?” गाडीचा प्रसंग आल्यावर चित्रपट थांबवून बोलायचे असे आम्ही ठरवले होते, त्यासाठी वाक्येही जुळवून ठेवली होती. तिने ती बोलू दिली नाहीत. “तिला उठवा ना कुणीतरी,” एवढेच म्हणाली आणि पुढे पाहत राहिली.

रात्री आत्याचा फोन आला. “आत्या, त्या कॅरोलाइनला घरी सोडायला तिची एकही मैत्रीण कशी नव्हती गं?” हा तिचा पहिला प्रश्न. कॅरोलाइन कोण, हे ताईंना पटकन आठवेना. टीव्हीवर तो भाग होता की कापलेला होता, हेही त्यांना सांगता आले नाही. शनिवारी आपण पुन्हा पाहतो, असे म्हणाल्या.