नंदिगड्डे, हिवताप आणि राहून गेलेली नोंद

जोयडा तालुक्यातलं नंदिगड्डे हे आमचं मूळ गाव. आजी सांगायची, "सात झाली, तीन राहिली." उरलेली चार तापानं गेली. माझे वडील राहिलेल्या तिघांतले.

तेव्हा आमचा भाग सुपा म्हणून ओळखला जाई. जिल्हा उत्तर कानडा, इलाखा मुंबई. जन्म-मृत्यू गावकामगारांनी लिहायचे. पटकी, देवी, प्लेग यांना वेगळे रकाने. बाकी बरेचसे मृत्यू 'ताप' या एका शब्दात जमा. आमच्या बँकेच्या भाषेत हे सस्पेन्स खातं! हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, सगळं त्यात.

डासातून हिवताप पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत सापडला. आमच्या घाटातला डास संथ, स्वच्छ ओहोळांच्या काठी वाढणारा. म्हणजे ज्या पाण्यावर भात आणि सुपारी, त्याच पाण्यावर तापही. १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारली गेली. देशातल्या अगदी पहिल्या मोठ्या मोहिमांपैकी ही एक. रक्त पिऊन डास भिंतीवर टेकतो, म्हणून फवारा भिंतीवर. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

माझ्या लहानपणी फवारणीवाले आले की भांडीकुंडी अंगणात काढायची, तो उग्र वास दोन दिवस जायचा नाही. आजी कुरकुरायची, पण त्यांना चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. आम्हा भावंडांत तापानं कोणी गेलं नाही. श्रेय एकट्या डीडीटीचं नव्हे; औषधंही मिळू लागली होती.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा, अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या आमच्या पिढीची जन्मतारीख पुष्कळदा शाळेत गुरुजींनी घातलेली. बँकेत कित्येक खातेदार १ जूनचे! मीही त्यातलाच. पेन्शनसुद्धा त्याच तारखेवर बसली.

जुनं सुपा गाव आता काळी नदीच्या धरणाखाली आहे. आजीच्या चार मुलांची नावं मला ठाऊक नाहीत. दोघांचं तर बारसंही झालं नव्हतं. तिच्या हिशेबात मात्र ती कायम होती. "किती मुलं?" असं कोणी विचारलं, की ती सातच सांगायची.

घरात कोणी नव्वदीचं असेल तर आजच विचारा: किती झाली, किती राहिली? आणि लिहून ठेवा.