अंगणातील दिवा

घरच्या बागेत दिवे कोठे लावावेत हा विचार करताना परभणीकडील जुनी अंगणे आठवावीत. जिंतूर तालुक्यात चारठाणे येथे यादवकालीन देवळांजवळ उंच कोरीव स्तंभ आहे; त्यास कोणी दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेस उजळते, ती लांबून दिसावी म्हणून. घरचा दिवा मात्र तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, कमरेखाली. कोनाडा वारा अडवी. ज्योत डोळ्यांवर न येता उजेड तेवढा पायाशी पडे, आणि थोड्या करडईच्या तेलात काम भागे. पुढे घासलेटचा कंदील आला, मग विजेचा दिवा खांबावर चढला. अंगण उजळले खरे, पण डोळे दिपून पायरी दिसेना! पायवाटेचा दिवा आजही खाली, आडोशासच लावावा.