टेप कुणाच्या हातात, इतिहास कुणाचा?



बाबासाहेबांची बीबीसीने घेतलेली मुलाखत आज कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये असते. नांदेड-लातूरच्या गटांवर दर 14 एप्रिलला ती फिरते. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी, हे आपण कधी विचारतो का?

1955 साली फ्रान्सिस वॉटसन यांनी ती ध्वनिमुद्रित केली. ती लगेच प्रसारित करायची नव्हती. गांधींविषयी अनेकांच्या आठवणी टेपवर घ्यायच्या, त्यांतले निवडक तुकडे निवेदनात गुंफायचे आणि मग ऐकवायचे, अशी ती रेडिओ मालिका होती. 1957 साली 'टॉकिंग ऑफ गांधीजी' या नावाने तिचे पुस्तकही निघाले. काय बोलायचे हे बाबासाहेबांनी ठरवले; त्यातले किती ऐकवायचे हे संपादकांनी. मूळ ध्वनिमुद्रण टिकले म्हणून आज त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच आवाजात, सलग ऐकता येतो. ते पुसले गेले असते, तर कात्रीतून उरलेल्या तुकड्यांवरच आपल्याला भागवावे लागले असते.

आणि टेप पुसणे फार सोपे होते. टेप म्हणजे लोहऑक्साइडचा लेप दिलेली पाव इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. 1200 फुटांचे रीळ सेकंदाला साडेसात इंच या वेगाने सुमारे 32 मिनिटे चाले. नको तो भाग ब्लेडने कापायचा, टोके चिकटपट्टीने जोडायची. प्रसारण झाले की तेच रीळ पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरायचे. टेप महाग होती, म्हणून जगभर हेच चाले. खुद्द बीबीसीनेही असंख्य कार्यक्रम पुसले. मग जपायचे काय आणि पुसायचे काय, हे कोण ठरवत होते? ज्याच्या हाती कपाटाची किल्ली होती, तो. त्या खुर्चीवर आपली माणसे किती होती?

3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी बजावले. ते शब्द छापून आले, म्हणून कुणाला बदलता आले नाहीत. मराठवाड्यातल्या आपल्या शाहिरांचे, जलसाकारांचे काय? त्यांचा आवाज मैदानात घुमला आणि मैदानातच विरला.

आता आपल्याच दारातला प्रश्न. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. 1978 साली विशीत असलेली माणसे आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या साक्षी कुठल्या रिळावर आहेत?

दोष फक्त व्यवस्थेचा नाही. आपणही तीस सेकंदांची क्लिप कापतो, मागे संगीत भरतो आणि इतिहास जपल्याचे समाधान मानतो. घरातल्या भीमगीतांच्या कॅसेटवर लग्नाची गाणी भरणारेही आपणच. संपादकाच्या कात्रीवर टीका करायची, तर आधी आपली कात्री खाली ठेवली पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या एका ज्येष्ठाजवळ बसा. त्यांची परवानगी घ्या. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मुद्रित करा. नाव नको असेल तर त्यांच्या इच्छेचा मान राखा. मध्ये तोडू नका. मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवा आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत जपा.

पूर्वी रीळ त्यांच्या कपाटात होते. आज यंत्र आपल्या खिशात आहे. आता आवाज हरवला, तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

जय भीम!